सर दहा मिनिटांत येतायत

तिसरा श्रावणी सोमवार होता. दवाखान्यातली सिस्टर आदल्या रात्रीच त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेली, त्यामुळे सोमवारी ती नाही हे ठरलेलंच. मावशी झाडून-पुसून मोकळ्या झाल्या होत्या. काउंटरवर रिसेप्शनची मुलगी एकटी. वय तेवीस-चोवीस, नोकरीला लागून पाच महिने झालेले. बाकांवर आणि जिन्यात मिळून तीस-पस्तीस माणसं, त्यात निम्मी पोरं, आणि निम्म्या पोरांना ताप. पाटीवर ओपीडीची वेळ सकाळी १०. घड्याळात पावणेअकरा वाजून गेलेले आणि डॉक्टरांचा पत्ता नाही.

अकराला पाच कमी असताना डॉक्टर आले. दोन पेशंट आत जाऊन आले, तेवढ्यात वाडीवऱ्ह्याकडून आलेल्या एक बाई रिक्षातून उतरल्या. कडेवर दीड वर्षाचं पोर, तापानं फणफणलेलं, डोळे फिरवलेले, हातपाय झटकत होतं. मुलीनं नाव-गाव काही न विचारता दार उघडलं आणि त्यांना थेट आत घातलं. तिनं केलं ते बरोबरच होतं. पण तिसरा नंबर ज्याचा होता तो बाप उठला. अंबडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा, नऊपासून पोरीला मांडीवर घेऊन बसलेला. काउंटरशी येऊन म्हणाला, "ह्या पण सरांच्या पाहुण्याच का?"

"अहो दादा, बाळाला झटके येतायत."

"तुमच्याकडं रोजच कुणाला ना कुणाला झटके येतात," असं म्हणून त्यानं काउंटरच्या काचेवर हात आपटला. काच तडकली.

मुलीनं ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली मावशींच्या हातात दिली, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली. ती परत आली नाही.

बाळाचे झटके थोड्या वेळात थांबले. त्याला हॉस्पिटलात हलवलं आणि दोन दिवसांनी ते घरीही गेलं.

दीड वर्षात सोडून गेलेली ही तिसरी मुलगी. डॉक्टरांनी मला फोन केला तो चौथी कुठे मिळेल हे विचारायला. मी माणसं पुरवत नाही. बारा वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आणि नंतर प्रशासनात काढली, आता छोट्या दवाखान्यांची घडी बसवून देते. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून शिव्या खाल्लेल्या असल्यामुळे माझा कल कुणाकडे झुकतो ते आधीच सांगून टाकते.

दवाखाना नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ, बालरोगतज्ज्ञांचा. पेशंट दोन तऱ्हेचे. एक सिडको, अंबड, इंदिरानगर भागातले, बहुतेक कंपन्यांत पाळीनं काम करणारे. दुसरे मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वाडीवऱ्हे, गोंदे, घोटीकडून सकाळच्या गाडीनं येणारे. सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन वेळा ओपीडी. माणसं पाच: डॉक्टर, सिस्टर, सकाळ-संध्याकाळची रिसेप्शनिस्ट मिळून दोघी, आणि मावशी. खाली मेडिकल आहे, पण ते दुसऱ्याचं. डॉक्टर हुशार आहेत, हाताला गुण आहे, पोरांशी बोलणं गोड. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाहीये. दवाखान्यात इतका गोंधळ असून लोक यायचे का थांबत नव्हते, त्याचं कारण हेच.

डॉक्टरांचं निदान तयार होतं. "मॅडम, आजकालच्या मुलींना चार माणसांशी बोलायला नको. जरा कुणी आवाज चढवला की पर्स उचलतात." त्यांच्या मित्रांनी पोलिसांत जा असा आग्रह धरला होता. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरचे हल्ले आणि नासधूस यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, हे सगळं सरांना तोंडपाठ होतं. पण दुसऱ्याच दिवशी तो बाप पोरीला घेऊन परत आला. तिचा ताप उतरला नव्हता. आधी काचेचे पैसे काउंटरवर ठेवले, मग नंबर मागितला. पोलिसांचा विषय तिथंच मिटला.

मी सरांना एवढंच म्हटलं, मुलगी नंतर बघू, आधी मला तीन सकाळी बाकावर बसू द्या.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पाण्याच्या कूलरशेजारची जागा धरली आणि शंभर पानी वहीत तीन रकाने आखले: कधी आला, कधी आत गेला, कसा आत गेला. तिसरा रकाना मी कुठल्याही दवाखान्यात आधी आखते. पहिले दोन कुणीही भरून देतं.

तीन सकाळींत मिळून १५८ पोरं तपासली गेली. सर आले १०.४०, १०.५५ आणि १०.३५ ला. एका पोराला सरासरी पाच मिनिटं. तिसऱ्या रकान्यात २७ वेळा "मागचं दार" असं लिहावं लागलं. मागचं दार म्हणजे पार्किंगमधून सरळ तपासणीच्या खोलीत उघडणारं सरांचं स्वतःचं दार. त्यातून येणारे कोण? सोसायटीतले, वहिनींच्या म्हणजे सरांच्या बायकोच्या भिशीतल्या, नगरसेवकाचा माणूस, दुसऱ्या डॉक्टरांचे नातेवाईक, बँकेतले साहेब. प्रत्येकाचं वाक्य एकच: फक्त दोन मिनिटं दाखवायचंय. शिवाय रोज चारेक एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बॅगा घेऊन, बाकावरच्या आयांच्या डोळ्यांदेखत आत जाणारे.

आता हिशेब मांडा. दहा ते दोन म्हणजे चार तास, पाच मिनिटाला एक या मापानं ४८ पोरं. चाळीस मिनिटं उशीर झाला, आठ कमी. उरली ४०. त्यातली नऊ मागच्या दाराची, उरली ३१. एमआरनी दोनेक पोरांचा वेळ खाल्ला, २९. आणि सकाळी आठपासून फोनवर वाटलेले नंबर चव्वेचाळीस-पंचेचाळीस. म्हणजे ओपीडी सुरू व्हायच्या आधीच पंधरा आयांना खोटा शब्द देऊन झालेला. दोनची ओपीडी सव्वातीनला संपायची, नंबर लावून आलेल्याला सरासरी एक तास ३५ मिनिटं बसावं लागायचं, आणि या सगळ्याबद्दल बोलायला समोर एकच माणूस, काउंटरवरची मुलगी.

आणखी एक मोजलं, ते वहीच्या मागच्या पानावर. "सर दहा मिनिटांत येतायत" हे वाक्य मी तीन सकाळींत ४१ वेळा ऐकलं. बोलत होती संध्याकाळची रिसेप्शनिस्ट, आता दोन्ही वेळ तीच सांभाळत होती. सर कुठे आहेत हे तिलाही माहीत नसायचं. ते सकाळी मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलात एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा राउंड घेतात, तिथं फोन सायलेंटवर. मग ती काय सांगणार? पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, दहाच का, वीस का नाही? म्हणाली, "सरांनीच सांगितलंय. वीस म्हटलं की लोक उठून दुसरीकडं जातात."

सोडून गेलेल्या मुलीला मी भेटले. ती आता चष्म्याच्या दुकानात आहे, पगार जवळपास तेवढाच. चहा घेताना आधी तिनं सरांबद्दल चांगलंच सांगितलं: आईच्या ऑपरेशनला उचल दिली, कधी आवाज चढवला नाही. मग कप खाली ठेवून म्हणाली, "ताई, शिव्यांचं काही नाही हो. पण खोटं मी बोलायचं आणि शिव्याही मीच खायच्या? त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं बोलले, बाळाला झटके येतायत म्हणून. आणि त्या माणसाला ते खोटं वाटलं."

मला या प्रकरणाचा गाभा तिथं सापडला. रोज मागच्या दारानं कुणीतरी आत जातं हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे खरोखर जिवावरचं बाळ आलं तेव्हा त्याच्यासाठी वाट सोडायला कुणी तयार नव्हतं. तो बाप आडमुठा नव्हता. पाच महिने त्यानं जे बघितलं होतं त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष अगदी तर्काला धरून होता.

खोट्याची सवय काउंटरपुरती राहत नाही, हे मला तिसऱ्या दिवशी फ्रिजनं दाखवलं. लसींचा फ्रिज, घरगुती, एका दाराचा. दारावर तापमानाचा तक्ता चिकटवलेला. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या, रोज दोनदा थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, ही सगळीकडची पद्धत. ऑगस्टच्या तक्त्यात सकाळ ५, संध्याकाळ ५, सकाळ ५, संध्याकाळ ५. एकाच पेनानं, एकाच वळणाचे. दवाखाना बंद असलेल्या रविवारीही ५. महिना संपायला अजून चार दिवस होते आणि तक्ता ३१ तारखेपर्यंत भरून झाला होता.

आत मधल्या कप्प्यात लसींचे बॉक्स, त्यांच्या शेजारी चहाच्या दुधाची पिशवी, खाली मावशींचा डबा. दोन बॉक्स मागच्या पत्र्याला टेकलेले, पत्र्यावर बर्फाची साय. उन्हाळ्यात गरम होऊन लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिपॅटायटिस बी, ट्रिपल यांसारख्या लसी गोठल्या तरी वाया जातात, आणि घरगुती फ्रिजमध्ये तो धोका जास्त. मी सिस्टरला तक्त्याबद्दल विचारलं. ती लाजली, घाबरली नाही. "मॅडम, तीन वर्षं भरतेय. कुणी कधी बघितलाच नाही."

कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आणून चार दिवस आत ठेवला. खालचा आकडा १, वरचा ११. अकरा कसा झाला? मावशी दुपारी मोबाइल चार्ज करायला फ्रिजचाच प्लग काढत होत्या. त्या खोलीत दुसरं सॉकेट नव्हतं. पत्र्याला टेकलेले दोन्ही बॉक्स सरांनी काही न बोलता बाजूला काढले आणि ते कुणालाही द्यायचे नाहीत असं वर लिहून ठेवलं. त्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, मावशींना त्यांचं सॉकेट मिळालं, फ्रिजच्या प्लगवर चिकटपट्टी बसली. दूध आणि डबा बाहेर गेले. तक्ता रोज सरांनी सही करायचा असं ठरलं, कारण न बघितला जाणारा तक्ता सिस्टर पुन्हा एका बैठकीत भरेल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी तिच्या जागी असते तर मीही भरला असता.

वहीतले आकडे सरांपुढे ठेवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एनआयसीयूतलं बाळ सोडून येऊ का मी दहाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. म्हणून उलट विचारलं, मग पाटीवर दहा कशाला? ते म्हणाले, अकरा लिहिलं तर लोक बाराला येतील. प्रत्यक्षात वही सांगत होती की घोटीकडचे लोक नऊलाच येऊन बसतात, त्यांची गाडीच तशी आहे. शेवटी पाटीवर १०.४५ झालं. साडेतीनशे रुपयांचं स्टिकर. एवढ्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तीच, आणि सर सगळ्यात जास्त अडून बसले तेही तिथंच.

नंबर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरांत वाटायचे ठरले. एका घरात सहा पोरं मावतात. फोनवर पाचच नंबर द्यायचे, सहावी जागा मोकळी. रात्री ताप चढलेलं पोर फोन करून येत नाही, त्याच्यासाठी ती. पावणेअकरा ते सव्वादोन अशी सात घरं होतात, म्हणजे ३५ नंबर आणि सात मोकळ्या जागा. मागच्या दाराला आतून कडी. यावर दोन दिवस वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "भिशीत तोंड कसं दाखवू?" तडजोड अशी निघाली की सरांना रोज दोन नंबर त्यांच्या मर्जीचे, पण ते मोकळ्या जागांतून, रजिस्टरमध्ये लाल पेननं, आणि माणूस पुढच्या दारानंच येणार. संपूर्ण बंदी मी मुद्दामच मागितली नाही. या गावात डॉक्टरला ओळख मोडायला सांगणं म्हणजे त्याला गाव सोडायला सांगणं. दोन नंबर उघडपणे दिलेले परवडतात.

झटक्याचं बाळ आलं तर काय, याला मात्र सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं आणि ते मला सर्वात आवडलं. अशा वेळी सिस्टरनं बाहेर येऊन, बाकांकडे तोंड करून, मोठ्यानं सांगायचं: बाळाला झटके येतायत, सर वीस मिनिटं बाहेर बघू शकणार नाहीत. काउंटरवरच्या मुलीनं नाही, सिस्टरनं. पांढऱ्या कपड्यातलं माणूस आतून बाहेर येऊन बोललं की ऐकलं जातं. सप्टेंबरात दम लागलेलं एक पोर आलं तेव्हा हे पहिल्यांदा झालं. सिस्टर बोलली, आणि एका आजींनी आपली खुर्ची त्या पोराच्या आईला दिली. कुणी घड्याळ बघितलं नाही.

माझी एक गोष्ट सपशेल फसली. सकाळच्या गर्दीत आठ-नऊ पोरं नुसती डोससाठी आलेली असायची. वजन, उंची, कार्ड, इंजेक्शन, आईच्या शंका, यात वेळ जास्त जातो आणि तापाच्या पोरांत निरोगी तान्हं बाळ बसवणं बरंही नाही. म्हणून डोस मंगळवार, गुरुवार, शनिवारी दुपारी साडेचारला ठेवले. कागदावर सुंदर. पहिल्या दोन आठवड्यांत निम्म्या आया आल्याच नाहीत. सिस्टरनं कारण सांगितलं, तिचा नवराही अंबडलाच आहे: दुसरी पाळी तीनला लागते, घरातली एकुलती गाडी बाप घेऊन जातो, आणि दीड महिन्याचं बाळ घेऊन बाई बसला लोंबकळत येत नाही. मग शनिवारची सकाळ डोसला दिली, त्या दिवशी बाकीचे नंबर निम्मे केले. ज्यांना दुपार सोयीची त्यांना मंगळवार-गुरुवार राहिले. चुकलेल्या डोसच्या आयांना सिस्टरनं एकेक फोन करून बोलावलं. पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

एमआर आता बुधवारी ओपीडी संपल्यावर येतात. हिशेबाची भानगड छोटी होती: काउंटरवर दोन क्यूआर कोड होते, एक सरांच्या जुन्या खात्याचा, आणि संध्याकाळी न जुळणाऱ्या रकमेचा संशय मुलींवर यायचा. जुना फाडून टाकला.

रजेचं थोडं सांगायला हवं, कारण त्या सोमवारचं मूळ तिथंही होतं. रजा तोंडी मागायच्या आणि तोंडी द्यायच्या. सिस्टर नसेल तेव्हा तिच्या कामांचं काय, हे कुणी बोलायचंच नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. तो केला तेव्हा दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणासाठी होता, इथं माणसं पाच; तरी आम्ही तोच आकडा उचलला, कुठलातरी आकडा पाहिजेच होता. भिंतीवर कॅलेंडर लागलं. सिस्टरच्या रजेच्या खाली मुद्दाम लिहिलं: डोस नाहीत, तापमान मावशी लिहितील, पिवळ्या पिशवीचा कचरा उचलायला गाडी आली की कोण देणार. तो कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही असं जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे आणि शनिवार ते सोमवार म्हणता म्हणता तेवढे तास होतात. तिसरा श्रावणी सोमवार पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर सिस्टरनं स्वतःच गोल करून ठेवलाय. त्या दिवशी ओपीडीचे नंबर कमी द्यायचे ठरलंय.

चौथी मुलगी सप्टेंबरच्या मध्यात आली. आधीच्या मुलीला दहा हजार होते, हिला साडेबारा. सर कुरकुरले. दीड वर्षात तीन मुली शिकवून तयार करण्यात वहिनींचे किती दिवस गेले ते मी विचारलं, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, द्या.

काउंटरवर तिच्या हाताशी एक काळी पाटी आणि खडू ठेवलाय. सरांना पंधरा मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर एनआयसीयूतून निघण्याआधी त्यांनी मेसेज करायचा, आणि तिनं जी वेळ आली ती पाटीवर लिहायची. "दहा मिनिटांत" हे शब्द दवाखान्यात बंद. ज्याला थांबायचं नाही त्यानं नंबर बदलून घ्यावा.

नोव्हेंबरात पुन्हा तीन सकाळी बसले. ऑगस्टची गर्दी आणि दिवाळीनंतरचे दिवस एका तराजूत घालता येत नाहीत, म्हणून चाळीसच्या वर पोरं आली तेवढ्याच दोन सकाळी धरल्या. थांबण्याची सरासरी ४५ मिनिटं. ओपीडी अडीचच्या आत संपत होती. मागच्या दाराचा रकाना पूर्ण रिकामा नव्हता: दोन सकाळींत तीन. लाल नंबर चार. मागच्या दारानं येणारी काही कुटुंबं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. वहिनींना भिशीत ते ऐकवलंही गेलं. सरांना अजून ते खुपतं, आणि त्यांचं खुपणं मला समजतं, त्यातली दोन-तीन कुटुंबं दवाखाना सुरू झाल्यापासूनची होती.

डिसेंबरात बिलाचा चेक घ्यायला गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर थंडी, बाकांवर कानटोप्या. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: सर ११.२० ला येतील. एका बाईनं पाटी वाचली, नंबर एका घरानं पुढं करून घेतला आणि पोराला घेऊन खाली चहाला गेल्या. सर ११.३५ ला पुढच्या दारानंच आले. मुलीनं पाटी पुसली नव्हती. आत जाता जाता सरांनी पाटीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, आणि काही न बोलता पहिला केसपेपर मागितला.